चौदा मिनिटांचं अंतर

रोल्सनेस ते स्कारविक हे अंतर विमानानं सत्तेचाळीस किलोमीटर आहे आणि ते कापायला चौदा मिनिटं लागतात. रस्त्यानं जायचं तर खाडीला वळसा घालून दोनशे एकतीस किलोमीटर, आणि जानेवारीत तो रस्ता असून नसल्यासारखा. वारा सुटला की पठाराच्या तोंडाशी असलेलं फाटक खाली येतं आणि चार-चार दिवस वर जात नाही. म्हणून इथली माणसं दाढ दाखवायला, केस कापायला, मावशीच्या पन्नाशीला विमानानंच जातात, आणि विमानात बसताना चेहरा मात्र बसमध्ये बसल्यासारखा करतात.

त्या गुरुवारी एरलेंड असाच दाढ दाखवायला सकाळच्या विमानानं रोल्सनेसला गेला होता आणि दुपारच्या विमानानं परत यायचा होता. त्याची बायको मारित स्कारविकच्या विमानतळावर त्याची वाट बघत वॅफल भाजत होती. लग्नाला पाच महिने झाले होते. ती दक्षिणेकडची, झाडांच्या मुलखातली. इथं झाड औषधालासुद्धा नव्हतं. विमानतळावर कामं चार, माणसं तीन. काउंटरवर बॅगा घेणारी मारितच आणि पलीकडच्या दारात त्या तपासणारीही मारितच, त्यामुळे लोकांना तिला दोनदा नमस्कार करावा लागे. धावपट्टीवरचा बर्फ एरलेंड काढी. आणि वर मनोऱ्यात, रेडिओ आणि टेलिफोन घेऊन, तिचे सासरे हल्वार बसत. गेली पस्तीस वर्षं.

दीड वाजला होता. सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस बुडाला तो अजून वर आलेला नव्हता. दुपारी तासभर दक्षिणेच्या कडेला निळसर उजेड फुटे आणि विझे. आज तोही विझला होता. काचेपलीकडे धावपट्टीचे दिवे, त्यांच्यापुढं काळोख, आणि काळोखात कुठंतरी समुद्र नुसता आवाज करत होता.

हल्वार जिन्यावरून खाली आले. अंगात जाड कोट, हातात हातमोजे.

"कुठं निघालात, बाबा?"

"धावपट्टी झाडून येतो. एरलेंड नाही ना आज."

"सकाळी जाताना तो झाडून गेलाय."

"मग परत झाडतो. तुझे वॅफल करपतायत, सूनबाई."

वॅफल करपत नव्हते. हल्वार बर्फाची गाडी घेऊन पट्टीच्या पार टोकाला गेलेले तिनं पाहिले. तिथं गाडी थांबली, तिचा पिवळा दिवा गरगरत राहिला, पण ब्रश काही खाली आला नाही. झाडलेली पट्टी झाडायला गेलेला माणूस झाडत नव्हता, गाडीत नुसता बसून होता. हे तिच्या लक्षात आलं, आणि मनोऱ्यातला फोन वाजला.

दोन्ही विमानतळांची एक जुनी रीत होती. विमान उडालं की तिकडचा माणूस दोन विमानतळांमधल्या थेट तारेच्या फोननं इकडं कळवी: इतक्या वाजता निघालं, चौदा मिनिटं. इकडचा ते वहीत लिहून घेई. वहीत दोन रकाने, निघालं आणि पोचलं. दुसरा भरला की इकडून उलट फोन: पोचलं. तो अर्ध्या तासात गेला नाही, तर तिकडच्यानं शोध सुरू करायचा. रेडिओ होता, संगणक होता, तरी हा फोन होताच.

मनोऱ्यात दुसऱ्या कुणी जायचं नाही असा नियम होता. पण फोन वाजत राहिला तेव्हा मारित हात पुसत वर गेली.

"स्कारविक मनोरा."

पलीकडं रोज यारले नावाचा पोरगेला माणूस असे आणि तो आधी हवेची कुरकूर करी. आज बाईचा आवाज होता. म्हातारा, कोरडा, घाई नसलेला.

"एक बेचाळीसला उडालं. चौदा मिनिटं. लिही."

मारितनं लिहिलं. "यारले नाही का आज?"

"कोण तू?"

"मी मारित. हल्वारची सून."

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. फोन घरात असल्यासारखा नव्हताच तो, उघड्यावर असल्यासारखा होता.

"सून…" आवाज म्हणाला. "बरं झालं. सासऱ्याला सांग, बोर्गनीचा फोन आला होता. आणि तू उचललास."

फोन बंद झाला. मारितला जरा गंमत वाटली. नवी बाई घेतली असेल तिकडं, आणि बरीच खडूस आहे असं दिसतंय. ती हातात वही तशीच ठेवून काचेशी उभी राहिली. पिवळा दिवा परत येत होता.

हल्वार वर आले ते कपाळावरचा घाम पुसत. बाहेर उणे अठरा होतं.

"फोन आला होता," मारित म्हणाली. "एक बेचाळीसला निघालं. कुणी बोर्गनी म्हणून होत्या. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

हातमोजे काढता काढता हल्वार थांबले.

"फोन आलाच नाही," ते म्हणाले.

"अहो, मीच उचलला."

"आलाच नाही म्हणतो ना. खोड ते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका बसला होता की मारितनं वही छातीशी धरली. ती खोडणार नव्हती. त्या ओळीत तिचा नवरा होता.

एक छप्पन्न झाले. दिवा दिसला नाही.

दोन वाजून दहा मिनिटं झाली. हल्वार रेडिओवर विमानाला हाका मारत होते. रेडिओ नुसता खरखरत होता. खाली दोन-तीन माणसं न्यायला आली होती, ती वॅफल खात मान वर करून बघत होती. सव्वादोनला हल्वारनी तारेचा फोन उचलला. मारित त्यांच्या इतकी जवळ उभी होती की तिलाही ऐकू आलं.

"बोल, हल्वार," म्हातारा आवाज म्हणाला.

हल्वारनी फोन ठेवला. मग बाहेरचा दुसरा फोन उचलून शोध-केंद्राचा नंबर लावला. ते केंद्र आठशे किलोमीटर दूर, तिथं रात्रंदिवस दहा माणसं. एकच घंटा गेली.

"बोल ना," तोच आवाज.

मारितनं खिशातला मोबाइल काढला आणि यारलेचा नंबर लावला. कानाशी नेण्याआधीच तिला वाऱ्याचा आवाज ऐकू आला… आणि तिनं तो टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा. कोण आहे ही?"

हल्वार खुर्चीत बसले. रेडिओच्या हिरव्या दिव्यात त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"रोल्सनेसच्या काउंटरवर होती. एकतीस वर्षं झाली. गेल्याच ऑक्टोबरात मेली ती… मी स्वतः छापून आलेलं वाचलं."

"आणि मघाशी बाहेर जाऊन नुसते बसलात ते? आज काय तारीख आहे?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "तू फार बघतेस, पोरी."

मग त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, घड्याळाकडं बघत.

तेव्हा टपालाचं एक छोटं विमान असे. त्यात एकटा वैमानिक. आयलर्ट त्याचं नाव, बोर्गनीचा धाकटा भाऊ. दुपारी तो स्कारविकला उतरे, शेडमागच्या खोलीत मुक्काम करी आणि सकाळी टपाल देई, त्यामुळे त्याची वाट बघायला कुणी येत नसे. त्या दिवशीही एक बेचाळीसला बोर्गनीनं कळवलं, निघालं. आणि हल्वारनी नेहमीचं उत्तर दिलं: बरं, पोचलं समज.

"सगळेच तसं म्हणायचे," हल्वार म्हणाले. "चौदा मिनिटांत काय होणार? दोन्ही रकाने एकदम भरून टाकायचे. उलट फोनचा त्रास वाचायचा. घरी ताजा मासा शिजला होता. मी गेलो."

विमान पठारावर पडलं होतं, बरोबर मध्यावर. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरनं टपाल कुठंय म्हणून विचारलं तेव्हा शोध सुरू झाला. आयलर्टचा पाय मोडला होता, बाकी काही नाही. तो थंडीनं गेला. नकाशाच्या मागं त्यानं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. दर चौदा मिनिटांना एक. बावीस रेघा.

मारितनं मनात गुणाकार केला आणि करायला नको होता असं तिला वाटलं. पाच तासांच्या वर.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"पान फाडलं. म्हटलं, फोन आलाच नव्हता." हल्वारनी हात चोळले. "चौकशीला आले त्यांनी माझं ऐकलं. मी मनोऱ्यातला, ती तिकिटं फाडणारी. गाव म्हणायचं, स्वतःच्या भावाला विसरली. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही… ती दर वर्षी याच तारखेला फोन करायची. एक बेचाळीसला. मी बाहेर जाऊन बसायचो."

तीन वाजायला आले होते. खाली कुणीतरी हसलं, आणि मग एकदम शांत झालं. खोलीत ओल्या लोकरीचा आणि विमानाच्या तेलाचा वास येत होता, आणि काचेवर, आतल्या बाजूनं, बर्फाची पानं उमटत होती.

मारितनं वही त्यांच्यापुढं ठेवली आणि पेन दिलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"फोन आला होता म्हणून. तारीख घाला."

"मार्चमध्ये माझी पस्तीस वर्षं पुरी होतायत, मारित. माझ्या नावाचं…"

"तुमचं नाव राहू द्या. एरलेंड अजून वर हवेत आहे."

एवढं ती हळूच म्हणाली, चहा घेता का विचारावं तसं. हल्वारनी लिहिलं. एकतीस वर्षांपूर्वीची तारीख, एक बेचाळीस, फोन बोर्गनीनं केला, मी उचलला. सही केली. खाली साक्षीदार म्हणून मारितनं केली. मग त्यांनी फोन उचलला.

"बोर्गनी… तुझा फोन आला होता. मी उचलला होता."

फोनमधला वारा वाढला.

"मला काय सांगतोस?" आवाज म्हणाला. "मला ठाऊकच आहे. त्यांना सांग."

"सांगतो. रविवारी येतो तिकडं. चर्चमध्ये, सगळ्यांपुढं सांगतो. शपथ घेतो."

"सुनेला दे फोन."

हल्वारनी फोन पुढं केला. मारितच्या कानाला तो बर्फासारखा लागला.

"तू ऐकलंस?" आवाजानं विचारलं.

"ऐकलं," मारित म्हणाली.

"मग या शपथेत तूही धरली गेलीस."

फोन बंद झाला. रेडिओची खरखर एकदम थांबली आणि वैमानिकाचा स्वच्छ, कंटाळलेला आवाज आला: स्कारविक, आम्ही जवळ आलोय, धावपट्टी कशी आहे? तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

सहा प्रवासी उतरले. शेवटी एरलेंड. त्याचा गाल सुजलेला आणि ओठ वाकडा.

"अशी काय बघतेस?" तो बोबडं बोलत म्हणाला. "सूज उतरेल उद्या."

मारितनं त्याचं मनगट उलटं केलं. घड्याळात एक सत्तावन्न झाले होते. दाढेच्या इंजेक्शनाचा बधिरपणाही अजून होता तसाच होता. वैमानिकानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या, आणि तुमचं घड्याळ पुढं गेलंय म्हणून सांगून तो कॉफी घ्यायला गेला.

रविवारी हल्वारना ताप आला. पुढच्या रविवारी वादळ होतं. तिसऱ्या रविवारी हवा छान होती आणि कुणी विषय काढला नाही. तारेचा फोन आला की यारलेच असे आणि हवेची कुरकूर करी. फेब्रुवारीत एका रविवारी जेवायला बसायच्या आधी हल्वारनी खिशातून घडी केलेलं एक पान काढलं आणि शेगडीत टाकलं. एरलेंड पाठमोरा होता. मारित समोर होती. हल्वारनी तिच्याकडं पाहिलं, तिनं बटाट्यांचं भांडं त्यांच्यापुढं सरकवलं, आणि ते जेवायला बसले.

बोर्गनी गेली, आयलर्ट गेला, त्यांना आता काय फरक पडतो, आणि आपल्याला तर याच घरात राहायचंय, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावायला फार वेळ लागला नाही. तेच जरा खुपलं, पण तेही दोन-तीन दिवसच.

मार्चमध्ये हल्वार निवृत्त झाले. सत्कार रोल्सनेसला ठेवला होता, कारण सभागृह तिकडं होतं. पस्तीस वर्षांची चोख सेवा म्हणून काचेवर कोरलेलं काहीतरी देणार होते. रस्ता बंद होता. एरलेंडला पट्टी सोडता येत नव्हती, म्हणून मारित बरोबर निघाली. सूर्य परत आला होता. सगळीकडं ऊन आणि बर्फ, डोळे मिटावे लागावेत इतका लख्ख उजेड. हल्वारनी नवा कोट घातला होता.

"तुम्ही इकडून कधीच विमानानं जात नाही, बाबा. एरलेंड सांगत होता."

"एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा. घाबरलीस का?"

"तुम्ही घाबरला नाहीत?"

"उन्हात भुतं नसतात, पोरी." त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली, एक टॉफी तिला दिली, एक स्वतःच्या गालात ठेवली.

विमान पट्टीच्या टोकाला वळलं तेव्हा मारित त्यांच्याकडं झुकली.

"तिथं सांगणार आहात ना?"

"काय?"

"तुम्हाला माहितीय काय."

हल्वारनी टॉफीच्या कागदाची बारीक गोळी केली. "फोन करणारी नाही राहिली. उचलणारा मी. मी म्हणतो आलाच नव्हता, म्हणजे नव्हता. आणि पान तर तू बघितलंसच कुठं गेलं." ते हसले, जवळजवळ प्रेमानं. "तू शहाणी आहेस. म्हणून तर एरलेंडला म्हटलं, हीच कर."

विमान उडालं. मारितनं घड्याळ बघितलं, दहा वाजून वीस. खाली पठार पसरलं होतं, कुठं दगड नाही, झुडूप नाही, नुसतं पांढरं. त्यावर विमानाची सावली धावत होती. हल्वार खिडकीला कपाळ लावून खाली बघत होते. बरोबर मध्यावर, सातव्या मिनिटाला, ऊन पंखावरून उसळून आत आलं आणि मारितनं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा ते तसेच बसले होते, कपाळ काचेला. झोप लागली असेल. तिनं मासिक चाळलं. दहा चौतीसला चाकं टेकली.

सगळे उतरले. हल्वार उठले नाहीत.

सत्काराला आलेल्यांत गावातली डॉक्टरीण होती, ती फुलांचा गुच्छ तसाच हातात घेऊन वर आली. तिनं हल्वारचा चेहरा आपल्याकडं वळवला, आणि गुच्छ खाली ठेवला. पापण्यांवर, भुवयांवर दाट हिमाचे कण बसले होते. नव्या कोटाचा पुढचा भाग लाकडासारखा ताठ झाला होता. गालात टॉफी होती, न विरघळलेली, आणि ती बर्फाला चिकटावी तशी आतून चिकटली होती.

"कुठं सापडले हे?" डॉक्टरणीनं विचारलं. "कधीपासून बाहेर होते?"

"बाहेर नव्हते. माझ्या शेजारी होते."

"हे बघा, हा माणूस गोठून गेलाय. याला पाच तास तरी लागतात. एकदम होत नाही असं."

"चौदा मिनिटांपूर्वी माझ्याशी बोलत होते," मारित म्हणाली.

डॉक्टरणीनं हवाईसुंदरीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, हो. मग डॉक्टरीण परत मारितकडं वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही इतक्या जवळ होतात. त्यांनी काही केलं? हाक मारली? धडपड केली?"

"नाही," मारित म्हणाली. "मला काही कळलं नाही."

तिला कुणीतरी आत नेलं, खुर्चीवर बसवलं, कोट काढायला सांगितलं. चेहरा धुते म्हणून ती उठली आणि बेसिनपाशी आली. उजवी बाही, हल्वारच्या बाजूची, कडक झाली होती, आणि नळाचं गरम पाणी लागताच तिच्यातून बर्फाचं पाणी निथळलं. तिनं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत बोटांच्या खुणा होत्या. पाच, त्यांच्यावर पाच, त्यांच्यावर पुन्हा पाच. कुणीतरी धरावं, हात सुटावा आणि परत धरावं, तसं. मनगटाजवळच्या खुणा काळ्यानिळ्या पडून जुन्या झाल्या होत्या. कोपराजवळच्या अजून लाल होत्या, आणि ती बघत असताना त्यांच्या वरच्या बाजूला, दंडावर, हळूहळू आणखी एक बोट उमटत होतं.